नेमात न बसणारी उशी

दिवसभर लोकांचे खांदे, गुडघे आणि कमरा वाकवून झाल्यावर माणसाचे स्वतःचे पाय बाजारात फिरायच्या लायकीचे राहत नाहीत. तरी हुस्ना नदाफ महाद्वार रोडवरून चालली होती. दोन्ही बाजूंची दुकानं उजेडानं नुसती ओसंडत होती आणि तिला एकाही दुकानाची पायरी चढावीशी वाटत नव्हती. या आठवड्यात रोज संध्याकाळी तिचं हेच चाललं होतं. बाजार फिरायचा, रिकाम्या हातानं स्टँड गाठायचा आणि हातकणंगल्याच्या गाडीत खिडकीला डोकं टेकायचं.

शनिवारी तिचा क्लिनिकमधला शेवटचा दिवस होता. अक्कांना काहीतरी द्यायचं होतं. ते स्वस्तातलं हवं होतं, कारण साठवलेलं सगळं नव्या ट्रीटमेंट टेबलात आणि करंटच्या मशीनमध्ये गेलं होतं. आणि ते अक्कांना चालणारं हवं होतं. पहिली अट सोपी होती, बाजार स्वस्त वस्तूंनीच भरलेला असतो. दुसरीनं मात्र तिचा जीव मेटाकुटीला आणला होता.

अक्का म्हणजे डॉक्टर राजमती मगदूम. शाहूपुरीतल्या एका गल्लीत त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक, आणि साठी उलटली तरी सकाळी सगळ्यात आधी त्याच उघडणार. पेशंट त्यांना अक्का म्हणायचे, पेशंटची नातवंडं अक्का म्हणायची, औषधाच्या कंपन्यांचे लोकही अक्काच म्हणायचे. लग्न केलं नाही. भावाच्या घरी राहायच्या, पांढरी सुती साडी नेसायच्या आणि पेशंटवर असं काही डाफरायच्या की अर्धं दुखणं तिथंच गार व्हायचं.

हुस्ना त्यांच्याकडं आली तेव्हा तिच्याकडं डिग्री होती आणि हातांना काहीही कळत नव्हतं. अक्कांनी पहिल्या दिवशी तिचा हात एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता हलू नको. काय लागतंय?" हुस्नाला काहीच लागत नव्हतं. तिनं पुस्तकातली तीन-चार नावं सांगून टाकली. "नावं नको सांगू," अक्का म्हणाल्या, "लागतंय काय ते सांग." हे असं महिनोन्‌महिने चाललं. मग एक दिवस कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवल्या ठेवल्या तिला कळलं की दुखणं माणूस बोट दाखवतोय तिथं नाही, वीतभर खाली आहे. अक्कांनी शाबासकी दिली नाही. पुढचा पेशंट तिच्याकडं पाठवला, एवढंच. पण त्या संध्याकाळी हुस्ना घरी कशी पोचली हे तिला आठवत नाही, इतकी ती हवेत होती.

आता तिचं स्वतःचं सेंटर निघणार होतं. हातकणंगल्यात स्टेशनच्या रस्त्याला तिच्या वडिलांचा, शमशुद्दीन नदाफांचा, गादी-उशांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, कापूस पिंजायचं एक मशीन आणि पत्र्याचं छत. फोमच्या गाद्या आल्यापासून अर्धी जागा मोकळीच पडायची. त्या अर्ध्या जागेला भिंत घालून रंग दिला होता. हे सगळं अक्कांनी शिकवलेल्या हातांच्या जोरावर होतं, आणि हुस्नाला ते अक्कांना कसंतरी सांगायचं होतं. तोंडानं सांगायला गेलं तर अक्का "बरं बरं, पुढचा पेशंट आत घे" म्हणणार. म्हणून वस्तू.

वस्तूंचं मात्र अवघड होतं. पेन द्यावं तर अक्का औषध कंपनीनं फुकट दिलेल्या पेनानं लिहायच्या आणि ते संपलं की दुसऱ्या कंपनीचं उचलायच्या. घड्याळं क्लिनिकात गरजेपेक्षा जास्त होती आणि प्रत्येक वेगळी वेळ दाखवत होतं. शाल-श्रीफळ त्यांना इतक्या वेळा मिळालं होतं की शाली थंडीत वॉचमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या अंगावर दिसायच्या. अक्का जैन, म्हणून पर्स चामड्याची नको, साडी रेशमाची नको, मध तर नकोच. हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. हातकणंगल्यात जन्मलेल्या पोरीला जैन शेजाऱ्यांचं काय चालतं आणि काय नाही हे पाढ्यांच्या आधी येतं. एका दुकानदारानं तिला चहाचा मग दाखवला. त्यावर इंग्रजीत 'बेस्ट टीचर' लिहिलेलं आणि खाली गुलाबाचं फूल.

"घ्या की ताई, लई खपतोय ह्यो."

"चहा पीत न्हाईत त्या."

"मग पेनं ठेवतील त्यात!"

हुस्नानं मग खाली ठेवला. दुकानदाराची चूक नव्हती, पण त्या गुलाबाकडं बघून तिला रडूच यायला लागलं होतं.

आणि खायची वस्तू? आजऱ्याचे काजू, घनसाळ तांदूळ, असलं काहीतरी घेऊन मोकळं होता आलं असतं. पण खायच्या वस्तूवर तिनं केव्हाच काट मारली होती. त्याला कारण होतं आणि ते कारण हुस्ना कुणाला सांगत नव्हती.

पहिल्या ईदीला तिनं अक्कांसाठी शिरखुर्म्याचा डबा नेला होता. कांदा नव्हता, लसूण नव्हता, अंडं तर नव्हतंच. दूध, शेवया, खजूर आणि तूप. अक्का म्हणाल्या, "ठेव तिथं." संध्याकाळी डबा धुऊन परत मिळाला आणि वॉचमन मिशा पुसत म्हणाला, "झकास झालता, ताई." दुसऱ्या ईदीला तसंच. तिसऱ्या ईदीला हुस्नानं डबा नेलाच नाही. अक्कांनी विचारलंसुद्धा नाही की यंदा का नाही आणलास, आणि ते न विचारणं तिला डबा न खाण्यापेक्षा जास्त लागलं. तिची शाळेतली मैत्रीण भाग्यश्री चौगुले. घर जैन, पाळणूक कडक, सूर्य मावळला की चूल बंद. तीच भाग्यश्री दर ईदीला दिवसाउजेडी येऊन दोन वाट्या चाटूनपुसून जायची. मग हे धर्माचं कसं? हे अक्कांचंच असणार. आमच्या घरचं म्हणून असणार. बाकीच्यांनी दिलेलंही अक्का खाताना दिसत नसत, हे तिनं बघितलं होतं. पण दुखरी जागा एकदा सापडली की माणसाचं बोट परत परत तिथंच जातं.

तेव्हा शनिवारी ती नुसती भेट देणार नव्हती. अक्का तिच्या हातातून काहीतरी घेतात का, हे तिला एकदा बघायचं होतं. पुन्हा "ठेव तिथं" ऐकावं लागलं तर इतकी वर्षं कुणाच्या हाताखाली काढली, हा प्रश्न घेऊनच तिला स्वतःच्या दारावर पाटी लावावी लागणार होती.

त्या रात्री ती जेवायला बसली आणि भाकरी मोडायचीही ताकद राहिली नाही. शमशुद्दीननी तिच्याकडं बघितलं.

"आज बी काय मिळालं न्हाय?"

"न्हाई, अब्बा."

"आख्ख्या कोल्हापुरात?"

"आख्ख्या कोल्हापुरात."

शमशुद्दीननी आमटीची वाटी तिच्याकडं सरकवली. मग म्हणाले, "उशी दे की. करून देतो मी. सावरीचा कापूस हाय ठेवलेला, कुणासाठी ठेवलाय मलाच कळत न्हाय. फोमच्या जमान्यात सावर कोण मागतंय?"

हुस्नाचा हात ताटातच थांबला. तिला अक्कांची मान आठवली. गेली काही वर्षं सकाळी अक्का क्लिनिकात आल्या की डावा खांदा कानाकडं चढलेला असायचा, मान वळवायची तर आख्खं अंग वळायचं, आणि दुपारपर्यंत ते हळूहळू सुटायचं. रात्रभर वाकडं झोपल्याची खूण. "अक्का, उशी बदला तुमची," हे ती किती वेळा म्हणाली असेल. अक्का "बघू" म्हणायच्या. त्यांची घरातली उशी जुनी, दगड झालेली असणार आणि फेकवत नसणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. उशी खायची वस्तू नव्हती. कुणाच्या भांड्यातली नव्हती. कापूस, नवं कापड आणि दोरा. इतके दिवस बाजार पालथा घालत होतो आणि वस्तू घरात पडली होती, या विचारानं तिला स्वतःचाच राग आला, आणि मग बरंही वाटलं.

तिनं माप सांगितलं. मानेखाली किती उंची, डोक्याखाली किती, कडा कशी गोल. शमशुद्दीननी कापूस उन्हात घातला, हातानं पिंजला, बिया वेचल्या आणि दोनदा भरून दोनदा उसवली, कारण पोरगी आडवी होऊन बघायची आणि म्हणायची, "जरा जास्त झाली." कापड तिनं स्वतः आणलं, पांढरं सुती, आणि धुऊन वाळवून मगच दिलं. शुक्रवारी उशी तयार झाली. लहानशी होती, पण हात ठेवला की हात आपोआप सैल पडायचा.

शनिवारी हुस्ना उशी पिशवीत घालून आली आणि दिवसभर ती पिशवी कपाटाशेजारी पडून राहिली. शनिवार म्हणजे गर्दीचा दिवस. एक गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, दोन कमरा, एक शाळेतला मुलगा पाय मुरगळलेला, आणि सगळ्यात शेवटी कळंब्याचे हंबीरराव. हंबीररावांनी जन्मभर तिथल्या जेलात पहाऱ्याची नोकरी केली होती. आता त्यांचा उजवा खांदा आखडला होता आणि हुस्नानं हात वर उचलला की ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे ओरडायचे.

"ओ बाई! खांदा हाय त्यो, जेलचा दरवाजा न्हाय!"

"दरवाजापेक्षा घट्ट झालाय. श्वास सोडा."

"सोडला की! आता जीवच ऱ्हायलाय सोडायचा!"

जाताना मात्र ते दारात घुटमळले. "हितं कोण मग आमाला रडवणार आता?" असं म्हणून डोळे पुसल्यासारखं करून गेले. हुस्ना भिंतीला टेकली. उभं राहायचं त्राण नव्हतं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. अक्का दिवस मावळायच्या आत जेवायच्या, त्यामुळं त्या आता कुलूप शोधायला लागणार, हे ठरलेलं होतं. आत्ता नाही दिलं तर द्यायचं राहून जाणार होतं.

तिनं पिशवीतून उशी काढली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

"अक्का, हे तुमच्यासाठी."

अक्कांनी चष्मा वर केला. "काय हाय?"

"उशी. मानेसाठी. अब्बांनी केलीय, माप माझं. सावरीचा कापूस हाय आत." तिला बरंच काही बोलायचं होतं. कालपासून पाठ केलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं, "तुम्ही शिकवलं म्हणून."

अक्का उशीकडं बघत राहिल्या. हात पुढं आला नाही. हुस्ना त्या हाताकडंच बघत होती आणि तो साडीच्या पदराशीच थांबला.

"सुबक झालीया," अक्का म्हणाल्या. "तुझ्या वडलांचा हात चांगला हाय. पण मला न्हाय घेता यायची, हुस्ना."

झालं. हुस्नाला वाटलं होतं असं झालं तर आपण गप पिशवी उचलू आणि जाऊ. पण दमलेल्या माणसाला गप बसणंही जमत नाही.

"का न्हाय घेता यायची? कापूसच हाय, अक्का. कापड मी नवं आणलंय, धुतलंय. कुणी डोकंसुद्धा टेकलेलं न्हाई, मी माप बघितलं ते बी आधी चादर टाकून. अजून काय करायला पायजे होतं? शिरखुर्मा न्हाय, पाणी न्हाय, आता उशी बी न्हाय. आमच्या घरची म्हणूनच ना? सरळ सांगा. मी जातोय आज. आता काय बिघडतंय सांगायला?"

तिचा आवाज चढला होता. क्लिनिकात तिनं अक्कांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. तिला हुंदका आला आणि त्याचाही राग आला.

अक्कांनी दार लोटून घेतलं आणि त्या स्टुलावर बसल्या. ते लाकडी स्टूल त्यांचं होतं, त्यावर दुसरं कुणी बसत नसे.

"पयल्या ईदीला व्हय," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरचं म्हणूनच. खोटं कशाला बोलू? डबा उघडला, वास बी चांगला आलता. पण हात गेला न्हाय. लहानपणापासनं जे बघितलं ते हातात बसलेलं असतंय. मला माझीच लाज वाटली आणि मी डबा वॉचमनला दिला."

हुस्नाला वाटत होतं ते खरं निघालं होतं. इतकी वर्षं तेच खरं मानत आली होती, तरी अक्कांच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

"त्या चातुर्मासात मुनी महाराजांकडं नेम घेतला," अक्का पुढं सांगत होत्या. "घरच्या चुलीवरचं सोडून कुठलं काय खायचं न्हाय. थोरल्या भणीकडं गेलो तरी पाणी पीत न्हाय मी, ती अजून रुसून हाय. दुसऱ्या ईदीला तुझा डबा आला तवा माझ्या मनात काय नव्हतं, हुस्ना. खाल्लं असतं. पण नेम आडवा आला. तुला तवा सांगायला पायजे होतं. नेमाची दवंडी पिटू नये म्हणत्यात, ती एक सबब झाली. खरं म्हणजे सांगितलं असतं तर तू विचारली असतीस, मग गेल्या वर्षी काय झालतं? त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून गप बसलो. तू काय समजून बसलीयास ते मला ठाऊक होतं, तरी गप बसलो."

"आणि उशी?"

"गादी-उशी बी सोडली त्याच नेमात. चटईवर झोपतो मी."

हुस्नाची नजर त्यांच्या मानेवर गेली. डावा खांदा, चढलेला. मान, अंगासकट वळणारी. तिच्या हातांना बरोबर कळलं होतं आणि डोक्यानं भलताच अर्थ लावला होता. गादीवाल्याच्या पोरीला जगात कुणी आपणहून उशी सोडत असेल हे सुचणारच कसं? जुनी उशी असेल, कडक उशी असेल, चुकीच्या उंचीची असेल, इथपर्यंतच तिची अक्कल धावली होती.

"मी दर आठवड्याला उशी बदला म्हणत होतो," ती म्हणाली. "हसला असाल मनात."

"हसलो न्हाय. बरं वाटायचं. माझ्या मानंकडं बघतंय कोण दुसरं?"

हुस्नानं उशी टेबलावर ठेवली आणि ती तिथंच टेकली. राग कुठंतरी गेला होता, पण त्याच्या जागी आनंद वगैरे काही आला नव्हता. नुसता थकवा होता. तिला अक्कांना माफ करावंसं वाटत नव्हतं आणि त्यांच्यावर चिडावंसंही वाटत नव्हतं. ती म्हणाली, "पहिल्या ईदीचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. नेमाचं सांगून भागलं असतं तुमचं."

"भागलं असतं. पण उद्यापासनं तू हितं न्हाईस. अर्धं सांगून तुला पाठवू व्हय?"

बाहेरून कुणाची तरी गाडी गेली. भिंतीवरचं ऊन खांद्याच्या व्यायामाच्या चाकावर, मग दोरीच्या कप्पीवर सरकलं होतं. अक्का उठायला गेल्या आणि उठताना त्यांचा हात नकळत मानेच्या मागं गेला. हुस्नानं ते बघितलं. बघितल्याशिवाय तिला राहवलंच नसतं. तशी सवय याच बाईनं लावली होती.

"अक्का, तुमच्या नेमात दुखण्याला सूट असती ना?"

"कोण म्हटलं?"

"भाग्यश्रीच्या आजीला होती. पाय मोडला तवा गादीवर घेतलंतं त्यांना."

"असती सूट. दुखण्याला, औषधाला." अक्कांचा आवाज जरा कडक झाला. "पण सूट हाय म्हणून घ्यायची नसती ती."

"ते तुम्ही न्हाय ठरवायचं. पेशंटनं स्वतःचं दुखणं ठरवायचं नसतंय, हे कोण म्हणतंय रोज?" हुस्ना उभी राहिली. तिनं टेबलावरची चादर बदलली, कडा ताणून घेतल्या आणि डोक्याच्या बाजूला उशी ठेवली. "ही उशी तुमची न्हाई. माझी हाय, माझ्या सेंटरची. तुम्ही पेशंट म्हणून झोपायचं. दुखणं हाय का न्हाई ते मी बघतो. नसलं तर उठा आणि जावा जेवायला."

त्या टेबलावर हुस्नानं अक्कांना कधी आडवं झालेलं बघितलं नव्हतं. बसलेलंसुद्धा नाही. अक्का उभ्या राहिल्या, एकदा खिडकीकडं बघितलं, एकदा उशीकडं. मग त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिडकीत ठेवला आणि पायऱ्यांच्या स्टुलावर पाय ठेवून हळूच टेबलावर चढल्या. वर चढताना त्यांना त्रास झाला. झोपताना त्याहून जास्त झाला. डोकं उशीवर टेकताना त्यांनी ते शेवटच्या क्षणापर्यंत अधांतरी धरून ठेवलं होतं, आणि हुस्नानं तळहात खाली घालून ते उतरवून घेतलं. माप बरोबर होतं. सूतभरही इकडंतिकडं नव्हतं.

तिनं कवटीच्या खाली दोन्ही हातांची बोटं सरकवली आणि थांबली. अक्कांनीच शिकवलं होतं तसं, काहीही न करता.

"काय लागतंय?" अक्कांनी डोळे मिटूनच विचारलं.

"दगड."

"नाव न्हाय सांगितलंस, बरं केलंस."

हुस्नानं मान हलकेच स्वतःकडं ओढून धरली. अक्का म्हणाल्या, "अंगठा जड पडतोय तुझा." हुस्नानं अंगठा उचलला. "आता बरं." मग थोड्या वेळानं, "डाव्या बाजूला जास्त हाय." हुस्नाला ते माहीत होतं, तरी ती "व्हय" म्हणाली. त्यानंतर सूचना आल्या नाहीत. बोटांखालचं जे कित्येक वर्षं घट्ट होतं ते आधी नुसतं ऐकत असल्यासारखं वाटलं, मग एकेक धागा सोडायला लागलं. डावा खांदा कानापासून खाली आला. तोंड किंचित उघडं पडलं. अक्का झोपल्या होत्या.

हुस्नानं हात काढले नाहीत. तिचे स्वतःचे पाय ठणकत होते, पाठ भरून आली होती, सहाची गाडी केव्हाच गेली असणार. तिनं झोपलेल्या चेहऱ्याकडं बघितलं. या चेहऱ्यानं एकदा तिचा डबा उघडून बंद केला होता. तेही आता तिच्याजवळ राहणार होतं, आणि हेही. दोन्हीचं मिळून काय करायचं ते तिला कळत नव्हतं आणि आज कळायलाच हवं असंही नव्हतं.

ऊन कप्पीवरून सरकून छताच्या कोपऱ्यात गेलं आणि तांबूस झालं. तेव्हा मात्र ती दचकली. दिवस मावळला की अक्का उद्या सकाळपर्यंत अन्नाला शिवणार नव्हत्या, घोटभर पाणीसुद्धा घेणार नव्हत्या. दुपारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. झोपू द्यावं तर उपाशी राहणार, उठवावं तर ही झोप जाणार. आणि चटईवर अशी झोप त्यांना पुन्हा लागणार नव्हती. हुस्नानं एकदा खिडकीबाहेर बघितलं. मग खाली वाकून हळूच म्हणाली, "अक्का. दिवस मावळाय लागलाय. जेवायचं हाय तुम्हाला."

अक्कांनी डोळे उघडले नाहीत. नुसतं डोकं जरासं हललं आणि उशीत आणखी खोल गेलं.

"मावळू दे की," त्या म्हणाल्या.

हुस्नानं त्यांच्या अंगावर चादर ओढली. मग ते लाकडी स्टूल पायानं जवळ सरकवलं आणि त्यावर बसली.